दोन शब्दांचा शेरा

१

दुधाच्या भांड्यावरचं झाकण थडथडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

तोवर तिघंही गप्प होती. सहा वर्षांची ठकू टेबलावर हनुवटी टेकून बसलेली, तिचा मामा खिडकीशी पाठमोरा उभा, आणि आई हातात फडकं धरून भलतीकडेच बघत. दूध उतू जायच्या बेताला आलं तेव्हा कुठे ती भानावर आली.

"ताई, लक्ष कुठाय तुझं?"

"तुझ्या पिशवीकडे," ती म्हणाली.

दाराशी एक कापडी पिशवी टेकवून ठेवली होती. आत दोन सदरे, साबण, टूथब्रश आणि एक जाडजूड पुस्तक. दहा दिवसांपूर्वी सभागृहाने कायदा मंजूर केला, त्याच संध्याकाळी तिच्या या धाकट्या भावाने ती भरली होती. कोणालाही कोर्टासमोर उभं न करता वर्षभर डांबून ठेवायची मुभा देणारा कायदा. धाकट्याचा एवढासा छापखाना होता, तिथून तो चार पानांचं एक साप्ताहिक काढायचा, आणि आजवर तीनदा पोलीस त्याची विचारपूस करून गेले होते. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे ठकूला सांभाळायला ताईला हा भाऊच होता. त्याने पिशवी भरल्यापासून तिला धड झोप नव्हती.

आता सगळं एका सहीवर अडलं होतं. घटनेप्रमाणे अध्यक्षांनी सही केली की कायदा लागू. त्यांनी तो सभागृहाकडे परत केला, तर मंजुरीला दोन-तृतीयांश मतं लागणार, आणि तेवढी सरकारकडे नव्हती. आणि त्यांनी दहा दिवस काहीच केलं नाही, तर दहाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो आपोआप लागू.

आज दहावा दिवस होता. आणि काल दुपारी अध्यक्ष कोसळल्या होत्या.

अध्यक्षांना अख्खा देश 'बाई' म्हणायचा. जन्मभर डॉक्टरकी केली, साठी उलटल्यावर निवडणुकीला उभ्या राहिल्या, आणि थोड्या मतांनी का होईना, लोकांनी त्यांना निवडून दिलं. आता त्या दवाखान्यात होत्या. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली.

ठकूने आपल्या दुधातला चमचा मामाच्या चहात बुडवला. आईने तो हातातून काढून घेतला. ठकूने पेला गटागटा संपवला आणि हात पुढे केला.

"परत दे."

आईने पेल्यात दूध ओतलं.

"दूध नाही गं! चमचा! माझा चमचा परत दे म्हटलं!"

"मग चमचा म्हणावं."

"तू मला विचारायचं ना आधी!" ठकू फुरंगटली. "विचारत कोणी नाही, नुसतं ओततात."

मामाला हसू आलं. तेवढ्यात फोन वाजला.

ठकूची आई अध्यक्षभवनात चौकशी अधिकारी होती. एरवी तिचं काम म्हणजे हरवलेली ओळखपत्रं, खोट्या आजारपणाच्या रजा, फार तर बागेतून पळवलेल्या कुंड्या. पलीकडून अध्यक्षांचे सचिव बोलत होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

"मॅडम, ताबडतोब या. कायद्याची फाइल सापडत नाही."

२

सचिव टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते. टोक केव्हाच झालं होतं, तरी ते काढतच होते.

"काल एक वाजता फाइल बाईंच्या टेबलावर होती," ते म्हणाले. "तीनला बाईंनी घंटी वाजवली. लेखनिक मुलीने फायलींचा गठ्ठा उचलला आणि आवक-जावकच्या टेबलावर नेऊन ठेवला. साडेतीनला बाई कोसळल्या. त्या गठ्ठ्यातल्या बाकी सगळ्या फायली जागच्या जागी आहेत. हीच नाही."

"आवक-जावकच्या वहीत काय म्हटलंय?"

त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. वेळ तीन-दहा. पुढे फाइलीचा क्रमांक. शेवटच्या रकान्यात वळणदार अक्षरात एकच शब्द: परत.

ती आनंदाने जवळजवळ ओरडलीच. "म्हणजे बाईंनी कायदा परत केला!"

"म्हणजे आपल्या कारकुनाने तसं लिहिलंय. सभागृहाच्या कचेरीत काही पोचलेलं नाही. तिकडे जाणारी लाल थैली काल या इमारतीतून बाहेरच पडली नाही." सचिवांनी पेन्सिल ठेवली. "पाच वाजेपर्यंत कागद तिथे नसेल, तर अध्यक्षांनी काही केलंच नाही असं धरलं जाईल. हंगामी कारभार सभापतींकडे जाईल, आणि हा कायदा सभागृहात रेटून नेला तो त्यांनीच. शेवटी अध्यक्ष म्हणजे काय हो? कागदावरची सही. माणसाची वाचा गेली की तेवढीच उरते."

"बाई कोसळल्यावर खोलीत पहिलं कोण गेलं?"

"मी. डॉक्टरांना फोन केला. मग पंतप्रधानांना."

"आणि मग फाइल शोधलीत."

सचिवांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "शोधली. सापडली नाही. सापडली असती तर मी काय केलं असतं ते विचारू नका. मलाही ठाऊक नाही."

बाहेर आल्यावर ती बाईंच्या दारासमोर थांबली. दार मोहोरबंद होतं. दाराशेजारी एक रिकामं स्टूल होतं. त्यावर कडेकडेने धूळ होती आणि मधोमध लखलखीत चौकोन. तिने ते पाहिलं आणि पुढे निघाली. तिला आवक-जावकची खोली गाठायची घाई होती.

तिथे ती वही लिहिणारे कारकून, टपालकाका, भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांच्या स्टुलावर एक तरुण पोलीस अवघडून बसला होता.

"काका, त्या फाइलचं काय केलंत?"

"लिहून दिलंय."

सचिवांनी सकाळीच त्यांचा जबाब घेतला होता. *बाईंच्या हुकुमाप्रमाणे फाइल तीन-दहाला परत पाठवली. याहून मला काही ठाऊक नाही.*

"लाल थैलीत घातलीत?"

"थैली कसली? पेटीत टाकली. नेहमीसारखी."

"मग थैलीचं सील कोणी लावलं? नंबर काय होता?"

काका गर्रकन वळले. "सील, नंबर! पोरी, एकतीस वर्षं झाली मला या टेबलावर. चार अध्यक्ष आले नि गेले. ते सह्या करायचे, मी शिक्के मारायचो, एक चिठोरा कधी इकडचा तिकडे झाला नाही. आणि आज माझ्या स्टुलावर पोलीस आणून बसवलात! मग चोराला काय विचारता? पोलिसाला विचारा."

"बसायला दुसरं काही नव्हतं हो, काका," पोलीस पुटपुटला.

काकांनी पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. आता ब्रह्मदेव आला असता तरी ते बोलले नसते.

जाता जाता तिची नजर पोलिसाच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर गेली. पहिल्या पानावर, ठळक अक्षरात: 'अध्यक्षांनी कायदा परत केला?'

हे पान काल संध्याकाळी छापायला गेलं असणार. आणि फाइल हरवल्याचं इमारतीत आज सकाळी कळलं. मग वर्तमानपत्राला फाइलच्या पोटात काय आहे ते कोणी सांगितलं?

३

लेखनिक मुलीने वर्तमानपत्र पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली. चोवीस-पंचवीसची पोर. रडून रडून डोळे आधीच सुजलेले.

"मला काही माहीत नाही, ताई. मी गठ्ठा उचलला आणि ठेवला. उघडला नाही."

"तुझं लग्न कुठे ठरलंय?"

"हे काय विचारणं झालं?"

ठकूची आई हसली. "सगळ्या मजल्याला तूच पेढे वाटत सांगत फिरलीस गं. मुलगा वर्तमानपत्रात आहे म्हणून. याच ना?"

मुलगी टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडू लागली. ठकूच्या आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि रडणं ओसरू दिलं.

"जिन्यात उघडली मी फाइल," शेवटी मुलगी म्हणाली. "राहवलं नाही. आत बाईंचा शेरा होता. दोनच शब्द. 'परत पाठवा'. खाली सही आणि तारीख. मला इतका आनंद झाला, त्याला फोन केला. फक्त त्याला! त्याने छापलं. आता माझी नोकरी जाणार, आणि लग्न तर मीच मोडणार."

"ते सावकाश मोड. कारणं काही लिहिली होती?"

"नाही. घटनेत कारण देण्याची सक्ती नाही म्हणे. आणि बाई कुठे पाल्हाळ लावतात? पण जो शब्द लिहायच्या तो मोजून. एका शब्दावरून मला चिठ्ठी तीनतीनदा टाइप करायला लावायच्या. म्हणायच्या, मी डॉक्टर आहे, माझ्या एका शब्दावर नर्स सुई टोचते."

"त्यांना नेताना तू होतीस?"

"मीच होते. नुसता गोंधळ! चष्मा, शाल, चपला, हाताला लागेल ते गाडीत टाकलं. सचिवसाहेब फोनवर ओरडत होते..." तिने डोळे पुसले. "बाई बऱ्या होतील ना?"

ठकूची आई उठली. तिच्या मनात आता शंका उरली नव्हती. बाईंनी कायदा परत केला होता. शेरा लिहिला होता, सही केली होती. म्हणजे आवक-जावकच्या टेबलावरून फाइल कोणीतरी उचलली होती. कायदा लागू व्हावा असं ज्याला वाटतं, अशा कोणीतरी. खोलीत पहिला गेलेला, पंतप्रधानांना फोन करणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला.

ती सचिवांच्या दाराशी पोचली, तोच खिशातला फोन वाजला. धाकटा होता.

"ताई, घाबरू नकोस. छापखान्यासमोर सकाळपासून एक गाडी उभी आहे. आत दोघं आहेत. तिथल्या शेजाऱ्याने विचारलं तर म्हणाले, पाच वाजायची वाट बघतोय."

४

ती दारापासून मागे फिरून जिन्यात आली.

"तू घरातून हलू नकोस," ती म्हणाली. "ठकू काय करतेय?"

उत्तराऐवजी फोनची ओढाताण ऐकू आली आणि ठकूचा आवाज कानात घुसला. "आई, मामाला रागव! तो गोष्ट परत सांगत नाही!"

"एकदा सांगितली ना, ठकू?"

"म्हणून तर परत! सकाळी तू पण असंच केलंस. परत दे म्हटलं तर दूधच!"

फोन आईच्या कानाला तसाच राहिला.

*परत दे.* आपण दूध ओतलं. तिला चमचा हवा होता. शब्द तोच. एकदा 'पुन्हा', एकदा 'माघारी'.

*थैली कसली? पेटीत टाकली.*

बाहेर जाणारे कागद थैलीतून जातात. पेटी इमारतीतल्या इमारतीत फिरते. तिने ते ऐकलं होतं आणि कान झाडावा तसं झाडून टाकलं होतं.

ती धावतच आवक-जावकच्या खोलीत शिरली. "अहो, उठा आधी त्या स्टुलावरून!" पोलीस ताडकन उठला. "काका, बसा तुम्ही. माझं चुकलं. मी भलतंच विचारलं. मला एवढंच सांगा, परत पाठवली म्हणजे कुठे पाठवली?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू पाणी ओलं असतं का असं तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? बाईंकडे! अध्यक्षांनी 'परत पाठवा' लिहिलं की फाइल पुन्हा त्यांच्याकडे जाते. अजून विचार करायचा असतो त्यांना. मी दाराबाहेरच्या काळ्या पेटीत टाकली, रात्री वाचायला त्या ती पेटी घरी नेतात. एकतीस वर्षं हेच चालत आलंय."

"सभागृहाकडे परत, असं नाही वाटलं?"

"सभागृहाकडे?" काका चकित झाले. "अध्यक्ष कायदा नाकारू शकतात?"

चार अध्यक्षांच्या हाताखाली नोकरी केलेल्या माणसाने हा प्रश्न अगदी मनापासून विचारला होता. चौघांपैकी कोणीच कधी नाही म्हटलं नव्हतं, तर त्याला कळणार तरी कसं?

धुळीतला लखलखीत चौकोन. हाताला लागेल ते गाडीत. फाइल कोणी चोरलीच नव्हती. ती पेटीत बसून बाईंच्या मागोमाग दवाखान्यात गेली होती.

दवाखान्यात काळी पत्र्याची पेटी बाईंच्या खाटेखालीच निघाली. वर शाल, चष्मा आणि चपलांचा जोड. नर्सने बाईंच्या गळ्यातल्या साखळीतून किल्ली काढून दिली. शेरा होता. दोन शब्द, सही, कालची तारीख.

बाईंचे डोळे उघडे होते.

"त्यांना सगळं कळतं बरं का," नर्स म्हणाली. "हो म्हणायचं असलं की एकदा डोळे मिटतात. पण कामाचं काही बोलायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. थांबा, पेटी उघडल्याची नोंद करायला वही आणते."

नर्स गेली. खोलीत दोघीच उरल्या. बाई फाइलकडे बघत होत्या, मग तिच्याकडे बघू लागल्या. डावा हात चादरीवर किंचित हलला. जवळ ये म्हणाल्या की जा म्हणाल्या, सांगता येत नव्हतं.

ठकूच्या आईने तोंड उघडलं. मग छापखान्यासमोर उभी असलेली गाडी तिच्या डोळ्यांपुढे आली.

"येते, बाई," ती म्हणाली. "काळजी घ्या."

५

"फाइल शोधलीत. वा," सचिव म्हणाले. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. "आता मला सांगा, यात लिहिलंय काय?"

"परत पाठवा."

"कोणाकडे?"

तिला प्रश्नाचा रोख कळला.

"तुम्हीच आत्ता सगळं उलगडून दाखवलंत," सचिव शांतपणे म्हणाले. "या इमारतीत 'परत पाठवा' म्हणजे माझ्याकडे पुन्हा आणा. काका तशी साक्ष देतील. म्हणजे बाईंचा विचार अजून चालू होता. निर्णय झालेला नव्हता. पाच वाजता कायदा लागू."

"इमारतीत असेल. बाईंच्या तोंडी नाही." तिने दार उघडून लेखनिक मुलीला हाक मारली. "ए, तुला कुठल्या शब्दावरून तीनतीनदा टाइप करायला लावायच्या गं?"

"'परत'वरून," मुलगी दारातूनच म्हणाली. "मी 'परत सादर करावे' असं टाइप केलं की त्या खोडून 'पुन्हा' करायच्या. त्यांच्या दवाखान्यात कोणीतरी चिठ्ठीवर 'इंजेक्शन परत द्या' लिहिलं होतं. औषधांच्या कोठीत परत द्या म्हणून. नर्सने पेशंटला आणखी एक टोचलं. तेव्हापासून त्या शब्दाची धास्तीच घेतली होती बाईंनी."

सचिवांनी मुलीला बाहेर जायची खूण केली.

"आठवण म्हणजे पुरावा नाही. पण बाईंच्या हातचे शेरे दप्तरखान्यात आहेत. त्यांतल्या एकाही ठिकाणी त्यांनी 'परत' हा शब्द 'पुन्हा' या अर्थाने वापरला नसेल, तर तसं लिहून द्या. तुमच्या सहीने. मी थैली पाठवतो." ते थांबले. "तुमचा भाऊ छापखाना चालवतो, ते मला माहीत आहे, मॅडम."

तिने मान वर केली. "तरी मलाच विचारताय?"

"तरी तुम्हालाच विचारतोय. पण एकाही ठिकाणी म्हणजे एकाही."

दप्तरखान्यात तिघं कामाला लागली. काका मांडण्यांवरून फायली उतरवायचे, मुलगी शेरे शोधायची, ती वाचून टिपून घ्यायची. पुन्हा आणा. पुन्हा मांडा. आकडे तपासून पुन्हा दाखवा. प्रत्येक 'पुन्हा' निघाला की मुलगी बोटांवर मोजायची. आणि एखादी फाइल खात्याकडे माघारी धाडायची असली की तिथे हमखास 'खात्याकडे परत'. काकांचा चेहरा पडत चालला होता.

"माझ्या डोळ्यांसमोर होतं हे दोन वर्षं," ते म्हणाले. "मी शिक्का मारत होतो, वाचत नव्हतो."

चार वाजून दहा मिनिटांनी मांडण्या संपल्या आणि चाळीस शेरे झाले. "झालं!" मुलीने टाळी वाजवली. काका सीलाची लाख तापवायला खाली पळाले, मुलगी कोरा कागद आणायला. ती एकटीच उरली, आणि मांडणीच्या तळाशी, भिंतीला चिकटून राहिलेली एक पातळ फाइल तिला दिसली.

फाटक रंगवण्याची फाइल. बाईंना निवडून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते तेव्हाची. आत पुठ्ठ्यावर हिरव्या रंगाचा नमुना, आणि त्याखाली तेच अक्षर: *फार गडद वाटतो. फिका करून परत दाखवा.*

तिने ती ओळ दोनदा वाचली.

एका फाटकाचा रंग. सुरुवातीचे दिवस. घाईत लिहिलं असेल. चाळीस एका बाजूला आणि एक एका बाजूला. कोणीही शहाणा माणूस चाळिसांचंच ऐकेल. हे सगळं तिने मनात भराभर मांडलं आणि तिला कळलं की आपण हे कोणाला तरी पटवतोय.

खालून काकांची हाक आली. "पोरी, लाख वितळलीय! चल लवकर!"

तिने फाइल होती तिथेच, भिंतीला लागून, आत सरकवली.

*तपासलेल्या चाळीस शेऱ्यांमध्ये मा. अध्यक्षांनी 'परत' हा शब्द 'पुन्हा' या अर्थाने एकदाही वापरलेला नाही. सबब प्रस्तुत शेऱ्याचा अर्थ 'सभागृहाकडे परत पाठवा' असाच होतो.* खाली तिची सही.

सचिवांनी कागद वाचला. "चाळीस?"

"चाळीस."

"जास्त नाहीत?"

"तपासले ते चाळीस."

ते तिच्याकडे पाहत राहिले. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. तिच्या तर्जनीवर आणि अंगठ्यावर जुन्या, सुकलेल्या रंगाची हिरवी भुकटी लागली होती. सचिवांनी खिशातून घडी केलेला रुमाल काढला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"हात पुसा, मॅडम. कागदाला डाग लागेल."

मग त्यांनी फाइल लाल थैलीत घातली आणि काकांना हाक मारली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काकांनी त्या थैलीला माघारी जाणाऱ्या कायद्यासाठी सील लावलं. चार वाजून बावन्न मिनिटांनी सभागृहाच्या कचेरीतून पोचपावती आली.

६

घरी आली तेव्हा दाराशी पिशवी नव्हती. टूथब्रश मोरीवरच्या पेल्यात ठकूच्या ब्रशाशेजारी उभा होता, आणि धाकटा कणीक मळत होता, अंगभर पीठ करून.

"गाडी सव्वापाचला गेली," तो म्हणाला. "शेजारी म्हणतो, जाताना दोघं चिडलेले होते. ताई, तू काय केलंस गं?"

"काही नाही. हरवलेली फाइल शोधली. तेच तर माझं काम."

"आणि बाई?"

"डोळे उघडे आहेत. कळतं त्यांना सगळं."

ती नळाखाली हात धूत राहिली. भुकटी केव्हाच निघून गेली होती, तरी ती बोटं चोळतच होती. धाकट्याने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा कणकेत हात घातला.

ठकू येऊन तिच्या पायांना बिलगली. "मामाने गोष्ट परत सांगितलीच नाही. तू सांग. तुझ्या फाइलची."

मग तिने ठकूला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सांगितली. एका बाईंनी एका कागदावर दोन शब्द लिहिले. एका आजोबांना ते एक वाटले, एका ताईला दुसरे वाटले. काळी पेटी, धुळीतला चौकोन, खाटेखालच्या चपला. ठकू डोळे विस्फारून ऐकत होती. आजोबांच्या स्टुलावर पोलीस बसला तिथे ती खदखदून हसली. चाळीस फायली मोजल्या तिथे तिने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि दहालाच हात टेकले.

"म्हणजे माझ्या चमच्यासारखं," ती म्हणाली.

"अगदी तस्सं."

"आणि तू त्या बाईंना भेटलीस? खरोखरच्या?"

"भेटले ना. अगदी जवळ उभी होते."

"त्या जाग्या होत्या?"

"जाग्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या."

ठकूने थोडा विचार केला. आईची ओली बोटं तिने आपल्या मुठीत घेतली, एकेक करून उलगडली, आणि मान वर करून विचारलं,

"मग तू त्यांनाच का नाही विचारलंस?"